शेवटचा वार कोणाचा

थोरल्या काकूंना नवी कवळी बसली, त्या वर्षीची ही गोष्ट. त्याआधीची दोन वर्षं त्यांनी पातळसातळ पिऊन काढली होती. बोलताना शब्द तोंडातच विरघळत, त्यामुळे घराला जरा शांतता होती. कवळी आली आणि शब्दांना धार आली. पहिल्याच दिवशी त्यांनी एक अख्खं सफरचंद कराकरा खाल्लं, तोंड पुसलं आणि दिराला म्हणाल्या, "भाऊजी, दोन वर्षांचं बोलायचं राहिलंय. बसा."

आबा बसले. थोरल्या काकूंनी बस म्हटलं की त्या घरात कोणीही बसे.

कवळी कोणी केली हे कळायला चार-आठ दिवस गेले. सांगितलं बारकीनं. बारकी आबांची नात. आई लवकर गेली म्हणून थोरल्या काकूंच्या पदराखाली वाढलेली, आणि आता दातांच्या दवाखान्यात डॉक्टरच्या हाताखाली कामाला होती. काकूंना तिथं नेलं होतं तेही तिनंच.

"काकू, दात बसलेत ना नीट?"

"देवानं दिलेल्यांपेक्षा बरे. देव घाईत होता."

"ते ज्यानं केलेत ना, त्याच्याशी मी लग्न करणार आहे."

"कर की. हात चांगला आहे त्याचा. कोणाचा कोण?"

"वरच्यांचा."

थोरल्या काकूंनी तोंडातून कवळी काढली, टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू कवळीनंच काही आगळीक केली होती. दोन दिवस त्यांनी ती पेल्यात बुडवून ठेवली. तिसऱ्या दिवशी बापूनं बाजारातून पुन्हा सफरचंदं आणली. काकूंनी पेला पुढं ओढला. म्हणाल्या, "वैर वैराच्या जागी, दात दातांच्या जागी." आणि त्या क्षणापासून त्या बारकीच्या बाजूला गेल्या, हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना कळलं.

वरचे आणि खालचे. नव्यानं आलेल्याला वाटे, एकांचं घर चढावर असेल, दुसऱ्यांचं उतारावर. तसं काही नव्हतं. दोन्ही घरं एकाच सपाट गल्लीच्या दोन टोकांना होती. पणजोबांच्या काळी दोन्ही घरं मिळून लाकडं कापत. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा. एकानं ओंडक्यावर उभं राहायचं, दुसऱ्यानं खाली खड्ड्यात उतरायचं, आणि मध्ये दोघांची मिळून एक लांब करवत. वरच्याला रेघ दिसते, खालच्याच्या डोळ्यांत भुसा जातो. वरचा म्हणतो, काम मी चालवतो. खालचा म्हणतो, ओढतो कोण? एक दिवस ओंडका फिरला आणि खालचा खड्ड्यातून जिवंत वर आलाच नाही. खालच्यांनी सांगितलं, वरच्यानं मुद्दाम हात सोडला. वरच्यांनी सांगितलं, खालच्यानं भलत्या वेळी हिसका दिला. पुढं वरच्यांपैकी एक नदीत गेला, मग खालच्यांपैकी एक छपरावरून पडला, आणि हिशेब सुरू झाला. यंत्राची करवत आली तशी खड्ड्यातली गंजून गेली. खालचे दारं-खिडक्या करू लागले, वरचे शिड्या. वैर मात्र हातानं चालणारंच राहिलं.

त्यात दोन्ही घरांचं हसू व्हायचं ते झालंच होतं. अख्ख्या गावाला ऐसपैस खिडक्या करून देणाऱ्या खालच्यांच्या स्वतःच्या खिडक्या शाळेतल्या पाटीएवढ्या. बाहेरून कोणी नेम धरू नये म्हणून. भर दुपारी दिवे लावून जेवायचे. आणि पिढ्यान्‌पिढ्या शिड्या विकणाऱ्या वरच्यांपैकी कोणी शिडीवर चढत नसे. शिडीवर माणसाची पाठ उघडी पडते. दिवा बदलायचा झाला तर ते शेजाऱ्याला बोलवत.

बारकीनं आजोबांना सांगितलं ते कारखान्यात, बापू चौकटीला रंधा मारत असताना. बापू म्हणजे तिचा बाप, पण घरात सगळे त्याला बापूच म्हणत, तीसुद्धा. आबा आपल्या बाकावर होते. बाकासमोर त्यांनी एक आरसा ठोकून घेतला होता, मागचं दार दिसावं म्हणून.

"वरच्यांचा?" आबा आरशातूनच म्हणाले.

"हो."

रंधा थांबला. बापूनं मान खाली घातली. आता आभाळ कोसळणार असं त्याला वाटलं. पण आबा वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बारकीनं तो चेहरा दवाखान्यात रोज पाहिलेला होता. दात काढायची खुर्ची दिसल्यावर माणसाचा होतो तसा.

"माझी हरकत नाही," आबा म्हणाले. "पण सोडायला त्यांनी हवं."

"म्हणजे?"

"बापू, तू पोरीला काही शिकवलं नाहीस? ज्यांचा वार शिल्लक असतो, सोडायचं त्यांनी. ज्यांनी शेवटचा वार केला, त्यांनी काय सोडायचं? आपण त्यांचा थोरला मारला. मी मारला." हे म्हणताना आबांनी छाती थोडी पुढं काढली आणि लगेच आरशात पाहिलं. "तेव्हा वार त्यांचा शिल्लक आहे. त्यांच्या म्हाताऱ्यानं चारचौघांत ओंडक्यावर हात ठेवून 'सोडलं' म्हणायला हवं. नाहीतर तू त्या घरात सून म्हणून जाशील आणि मी इथं रोज मान सांभाळत बसेन."

"मग विचारू या त्यांना."

"विचारायचं? हात दाखवून अवलक्षण! चाळीसेक वर्षं त्यांना आठवण नाहीये. आठवली म्हणजे?"

थोरल्या काकू दारापाशी आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या खुर्चीला हात होते, पाठ होती आणि गादी होती. घरात बाकी सगळे बाकांवर, स्टुलांवर किंवा लाकडाच्या ढिगावर बसत. काकूंचे यजमान, आबांचे थोरले भाऊ, वैरात पडले होते. त्यामुळे खुर्ची काकूंची, पहिला चहा काकूंचा आणि शेवटचा शब्दही काकूंचा.

"आणि भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्यांनी आमच्या यांना मारलं, ते कुठं गेलं?"

"ते आधी, वहिनी. तुमचं आधी, मग माझं. म्हणून तर शेवटचा माझा."

"आधी, हो." काकूंनी कवळीवरून जीभ फिरवली आणि पुढं काही बोलल्या नाहीत. बापूला हे विचित्र वाटलं. कवळी बसल्यापासून काकू एवढ्या थोडक्यात कधी आटपत नव्हत्या.

त्याच सुमाराला गल्लीच्या दुसऱ्या टोकाला तोच विषय निघाला होता.

वरच्यांचे म्हातारे पहिलवान. आयुष्यात एकदाच कुस्ती खेळले होते, तीही हरले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ते त्यांच्याच दुकानातल्या शिडीसारखे दिसत, दोन उभ्या काठ्या आणि मध्ये थोड्या आडव्या. घरात त्यांची मुलगी, शाळेत शिकवायची म्हणून सगळी गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणे. नवरा बोटीवर नोकरीला, घरी पाहुण्यासारखा यायचा. आणि तिचा मुलगा, कवळ्या करणारा. त्याला आजोबा 'दातवाल्या' अशीच हाक मारत.

"खालच्यांची?" पहिलवान म्हणाले. "दातवाल्या, गल्लीत दुसरी पोर नव्हती?"

"होती. मला ही आवडली."

"सोडतील का ते?" पहिलवानांचा आवाज एकदम बारीक झाला. "विचार तिला. वार त्यांचा शिल्लक आहे. त्यांचा थोरला मी मारला ना! धुक्यात. एका काठीत. काठी अशी मनगटाएवढी..."

मास्तरीणबाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गेल्या वर्षी अंगठ्याएवढी होती."

"तू तेव्हा फ्रॉकात होतीस. तुला काय आठवतंय!"

"मला पुष्कळ आठवतं, बाबा. तुम्ही विचारत नाही म्हणून."

पहिलवान ऐकत नव्हते. चाळीसेक वर्षं ते भिंतीला पाठ लावून जगले होते. जेवताना भिंत, दुकानात भिंत, केस कापायला बसले तरी न्हाव्याला भिंतीकडे सरकवून घेत. मारल्याचा अभिमान होता, आणि त्या अभिमानानं पाठीला पोक आलं होतं. आता ते उठून सरळ उभे राहिले. "त्यांनी सोडलं तर मी त्यांच्या पाया पडेन. हसू नकोस! मोठ्या मनानं पडेन."

मग दातवाला आणि बारकी निरोप्ये झाले. तिनं सांगितलं, आबा यायला तयार आहेत. त्यानं सांगितलं, आजोबा यायला तयार आहेत. दोन्ही घरांनी निरोप ऐकला आणि दोन्ही घरांत एकच वाक्य निघालं, "म्हणजे सोडायला येतायत!" पोरांना यात काही गफलत दिसली नाही. प्रेमात माणसाला तारखेशिवाय काही दिसत नाही.

जुना खड्डा दोन्ही घरांच्या मधोमध पत्र्याच्या छपराखाली होता. तो कोणाचा हे ठरलं नव्हतं, म्हणून कोणी बुजवलाही नव्हता. त्यावर तो ओंडका अजून आडवा पडलेला होता, अर्ध्यापर्यंत कापलेला. रविवारी सकाळी दोन्ही घरं तिथं जमली. खालच्यांनी काकूंची खुर्ची आणली, वरच्यांनी बसायला बाक आणला आणि चहाची किटली. ओंडक्याच्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते.

आबा पहिलवानांकडे पाहून अदबीनं हसले. पहिलवान आबांकडे पाहून अदबीनं हसले. चहा झाला. बिस्किटं झाली. हवा बरी आहे यावर एकमत झालं.

मग दोघांनी कप खाली ठेवले.

"हं," आबा म्हणाले.

"हं," पहिलवान म्हणाले.

"तुमचं होऊ द्या," आबा ओंडक्याकडे हात करून म्हणाले.

"छे छे, आधी तुमचं."

"मोठेपणा तुमचा आहे. आम्ही आपले मान खाली घालून आलोय."

"असं कसं! मान आम्ही घालायची. तुम्ही फक्त हात ठेवा."

"आम्ही? कशाला?"

"सोडायला."

आबांच्या कपाळावर आठी पडली. "अहो, सोडणार तुम्ही! वार तुमचा शिल्लक आहे. तुमचा थोरला आम्ही मारला."

"काय बोलताय? तुमचा थोरला आम्ही मारला! मी मारला!"

"तो आधी."

"नंतर!"

"अहो, कपाशीच्या गोदामामागं, धुकं पडलेलं, मी दबा धरून होतो, तो आला, मी हाणली, तो कोसळला. आठ-दहा दिवसांत गेला. शेवटचा मीच!"

"गोदामामागं मी दबा धरून होतो! धुकं माझं होतं!"

"धुकं काय तुमच्या बापाचं?"

आता दोघेही उभे होते. दोन्ही म्हाताऱ्यांनी आयुष्यभर ज्या गोष्टीपायी झोप घालवली, ती गोष्ट दुसरा आपल्या हातून काढून नेतोय म्हणून चिडलेले. बारकीनं दातवाल्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला होता. हे असं चाललं तर कोणी हात ठेवणार नव्हतं, आणि हात ठेवल्याखेरीज या दोन घरांत पाहुणा म्हणून पाणीसुद्धा कोणी घेणार नव्हतं, लग्न तर लांबच.

"थांबा," मास्तरीणबाई शाळेत बोलतात तशा बोलल्या. "एकाच धुक्यात दोघं दबा धरून होते?"

"हो," दोघेही म्हणाले, आणि मग एकमेकांकडे बघत राहिले.

"आणि दोघांनी एकमेकांचा थोरला भाऊ मारला. म्हणजे ते दोघं थोरलेही तिथंच होते?"

"मी जाताना आमचा थोरला सोबत आला होता," आबा म्हणाले. "पण तो बाजूला होता."

"आमचाही," पहिलवान म्हणाले.

"मग गेले कधी?"

आणि मग सगळ्यांनी जिकडं पाहायचं तिकडं पाहिलं. या दोन म्हाताऱ्यांखेरीज त्या वेळचं मोठं माणूस आता उरलं होतं एकच, खुर्चीत.

थोरल्या काकूंनी हे कधीतरी होणार हे जाणलं होतं, पण कवळी बसल्यावर होईल असं वाटलं नव्हतं. दात नसते तर पुटपुटून वेळ मारून नेता आली असती. त्यांचा हात खुर्चीच्या हातावरून मागं पुढं फिरला. ही खुर्ची त्यांना मिळाली तेव्हा त्या बारकीएवढ्याच होत्या. मारलेल्याची बायको म्हणून गल्ली त्यांना वाट सोडे. लग्नात पहिलं ताट, भांडणात पहिला शब्द. दुसरं काय होतं त्यांच्याजवळ? मूल नव्हतं. हे नव्हते. एक खुर्ची होती. आता बोललं की त्या नुसत्या एक विधवा, अशा तर गावात शंभर.

त्यांनी बारकीकडं पाहिलं. पोर ओठ चावत होती. लहानपणी दात दुखला तरी अशीच चावायची, रडायची नाही.

"पहिलवान," काकू म्हणाल्या, "तुमची काठी मोडली होती, नाही का?"

"मोडली होती! बघा, वहिनींना माहीत आहे!" पहिलवान हरखून म्हणाले. "दोन तुकडे!"

"काठी मोडली. डोकं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे घरी आले ते कपाळावर टेंगूळ घेऊन. हसत आले. म्हणाले, 'पहिलवानाच्या हातात जोर नाही, काठी वाळवी लागलेली होती.' दोन ताटं जेवले. तिसऱ्या दिवशी ताप भरला."

"ताप?" आबा म्हणाले.

"ताप, भाऊजी. त्या थंडीत गल्लीत सगळ्यांना होता. तुम्हाला आणि बापूला मी मागच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं, आठवतं? तुम्हाला वाटलं वरच्यांच्या भीतीनं. तापाच्या भीतीनं. ते त्यात गेले."

पहिलवान मटकन बाकावर बसले. "नाही. मी मारलं. चाळीस वर्षं... वहिनी, मी मारलंय हो!"

"नाही मारलंत, पहिलवान. वाईट वाटून घेऊ नका."

आबांना आतून उकळी फुटत होती. ते हळूच म्हणाले, "म्हणजे शेवटचा माझाच. मी म्हणत होतो ना..."

"तुमचाही नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, थोरल्या बाबांना मी दाराच्या फटीतून पाहत असे. आईनं आत जाऊ दिलं नाही. कपाळावर ओल्या फडक्याची घडी. डोक्याला काही लागलं नव्हतं, आबा. खांद्याला खरचटलं होतं थोडं."

"खरचटलं?" आबा उसळले. "मी जीव खाऊन हाणलं होतं!"

"धुकं होतं," मास्तरीणबाई समजुतीनं म्हणाल्या. "आजीनं सगळ्यांना सांगितलं, खालच्यांनी मारलं. शेजारच्या घरातली माणसंही त्याच तापानं गेली. त्यांच्यासारखंच आपलंही, असं तिला चालण्यासारखं नव्हतं."

बापू म्हणाला, "मग शेवटचा वार त्याच्या आधीचा धरायचा. छपरावरून पडले ते आमचे."

"छपराला शेवाळ होतं," थोरल्या काकू म्हणाल्या. "सासूबाई सांगायच्या. कपडे काढायला चढले होते."

"आणि नदीत गेला तो आमचा?" पहिलवानांनी आशेनं विचारलं.

मास्तरीणबाई किटलीकडं वळल्या. पोहता येत नव्हतं आणि पैज लावली होती, हे वरच्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त पैजेचं बोलायचं नसे.

आता राहिला ओंडका. दोन म्हातारे उठले आणि दोन बाजूंनी त्याच्यापाशी गेले. करवतीची खाच जिथं संपली होती तिथं आबांनी बोट घातलं. पलीकडून पहिलवानांनी घातलं.

"गाठ आहे," आबा म्हणाले.

"मुठीएवढी," पहिलवान म्हणाले. "वरून दिसली नसणार."

"खालून तर नाहीच."

"गाठीत करवत अडकली की ओंडका फिरतो."

"फिरतोच. मग वरचा काय करणार, आणि खालचा काय करणार?"

थोडा वेळ दोघं तसेच बोट घालून उभे राहिले. मग पहिलवान म्हणाले, "लाकडाला शिव्या देऊन बघा, समाधान होत नाही. माणूस समोर असतो, बरा पडतो."

"म्हणजे एवढ्या मोठ्या वैरात," बारकी म्हणाली, "एकही खून नाही?"

हे कोणी मोठ्यानं बोलायला नको होतं. दोन्ही म्हाताऱ्यांचे चेहरे असे झाले, जणू कोणी त्यांच्या अंगावरचे कपडे उतरवून घेतले होते. आबांनी इकडंतिकडं पाहिलं. छपराबाहेर गल्लीतले दोन-चार लोक रेंगाळत होते. आबांनी आवाज खाली आणला.

"हे बघा, पहिलवान. हे इथंच राहू दे. एक तुमचा, एक आमचा. तुमचा थोरला मी मारला, आमचा तुम्ही. एकाच वेळी. फिटंफाट."

पहिलवानांचा जीव भांड्यात पडला. "एकाच वेळी! वा! मग कोणाचाच वार शिल्लक नाही. दोघांनी मिळून हात ठेवू."

"बाबा!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "एकेक खून वाटून घेताय? बिस्किटासारखे?"

"चारचौघांत तोंड दाखवायचंय की नाही? शिड्या विकायच्यात मला!"

"आणि लग्नही होतंय ना," आबा म्हणाले. "तुला काय हवं ते मिळतंय. मग काय मारले काय, मेले काय."

दातवाल्यानं बारकीकडं पाहिलं. बारकीनं खांदे उडवले. तिला खरोखर काही अडचण नव्हती. दोन म्हाताऱ्यांनी हात पुढं केले.

"नाही," थोरल्या काकू म्हणाल्या.

"वहिनी, अहो, मिटतंय सगळं..."

"मिटवा. पण माझ्या नवऱ्याला मारू नका." त्या खुर्चीतून उठल्या. चारचौघांत त्यांना खुर्चीतून उठलेलं कोणी फारसं पाहिलं नव्हतं. "मरायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलवलं. म्हणाले, 'लोकांना सांग, वरच्यांनी मारलं. तापानं गेलो म्हणून सांगू नकोस, बरं दिसत नाही.' मी म्हटलं, बरं. तुम्हाला ठाऊक आहे, ते किती नटवे होते. ताप चढला तरी भांग पाडून मागत. मी शब्द दिला आणि पाळला. काय झालं त्याचं? लोक आले, ताठ बसले, शाबास म्हणाले. मारलेल्याच्या बायकोनं रडायचं नसतं, तिनं डोळे लाल करून बसायचं. मी बसले. अजून बसलेय. भाऊजी, त्यांना भीती वाटत होती हो! माझं बोट धरलं होतं लहान मुलासारखं. 'दिवा मालवू नकोस' म्हणाले, आणि दिवस होता. हे मी कोणाला सांगायचं? सांगितलं तर ते शूर कसले? चाळीस वर्षं मी एका दुसऱ्याच माणसाची विधवा म्हणून बसलेय. जो धुक्यात पडला त्याची. माझा होता तो अंथरुणात गेला."

छपराखाली किटलीचं झाकण वाऱ्यानं वाजत होतं. ते बापूनं हातानं दाबून धरलं.

पहिलवान आधी बोलले. भिंत सोडून पार मधे आले होते, त्यांच्याही लक्षात नव्हतं. "शेवटी पाणी मागितलं का त्यांनी, वहिनी?"

"सारखं."

"आमच्या थोरल्यानंही. आई देत नव्हती, वैद्यानं नको सांगितलं होतं म्हणून. मी चोरून दिलं. मग दुसऱ्या दिवशी तो गेला आणि मला वाटलं, पाण्यानंच..." त्यांनी नाक पुसलं. "नंतर आई म्हणाली खालच्यांनी मारला, तेव्हा किती बरं वाटलं म्हणून सांगू!"

"पाण्यानं कोणी मरत नाही," काकू म्हणाल्या. "मी मागतील तेवढं दिलं."

आबा ओंडक्यावर बसले होते. त्या ओंडक्यावर आजवर कोणी बसलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "वहिनी, माझं काही म्हणाला?"

"म्हणाले, 'धाकट्याला सांग, करवतीला तेल लावत जा, आळशीपणा करू नकोस.'"

आबा हसायला लागले. हसता हसता त्यांनी तोंड दोन्ही हातांत झाकलं आणि मग बराच वेळ त्यांचे खांदे हलत राहिले. ते हसणं नव्हतं. भाऊ गेला त्या वर्षी आबा पंचविशीत होते, आणि सूड घेतल्याच्या आनंदात रडायचं राहून गेलं होतं.

"मग सोडायचं कोणी?" बऱ्याच वेळानं बापूनं विचारलं. "नियम आहे ना."

"सोडायला धरलंय कोणी?" काकू म्हणाल्या. "मास्तरीणबाई, तारीख सांगा. आमच्याकडून हे एवढेच आहोत, तुमच्याकडून किती?"

मग तारखेवरून, आणि आधी कोणाच्या दारी जायचं यावरून, दोन म्हाताऱ्यांचं पुन्हा जुंपलं. पण आता आवाज वेगळा होता. घरातल्या घरात भांडतात तसा. पहिलवान म्हणाले, माणूस म्हणून सांगतो, दार तुमचं चांगलं पण खिडकी म्हणजे उंदराचं बीळ. आबा म्हणाले, आधी शिडीवर चढून दाखवा. बारकीनं काकूंना धरून खाली बसवलं, खुर्चीत नाही, बाकावर, मास्तरीणबाईंच्या शेजारी. काकू तिथं बसून रडल्या. भर सकाळी, गल्लीतल्या लोकांसमोर, मोकळ्या गळ्यानं रडल्या, आणि कोणी त्यांना गप्प बस म्हटलं नाही. मध्ये थांबून त्या यजमानांबद्दल काहीतरी सांगत, ते कसे भांग पाडत, जेवताना कसे गाणं म्हणत, आणि सांगताना हसत, आणि मग पुन्हा रडत.

लग्न बारकीच्या म्हणण्याप्रमाणं झालं. पण दोन्ही घरांत त्या दिवसापासून जे ठरलं ते इथं लिहून ठेवायला हवं.

थोरले काका तापानं गेले. बापू रांगायला लागला त्या वर्षी, थंडी सरता सरता, दिवसाउजेडी, आपल्या अंथरुणात, बायकोचं बोट धरून. पहिलवानांचे थोरले भाऊ त्याच आठवड्यात, त्याच तापानं गेले. दोघांनाही कोणी मारलं नाही.